काळं घातलं की गरम होतं म्हणतात, ते नक्की कधी आणि कुठे

आमच्या घरी एप्रिल लागला की आईचं रोजचं वाक्य ठरलेलं, "उन्हात चाललीस ना, मग ते काळं काढ आधी, दुसरं काहीतरी घाल." आणि हीच आई जानेवारीत संक्रांत आली की नातवाच्या बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवून घ्यायची, स्वतः कपाटातून काळी चंद्रकळा काढते आणि विचारलं तर म्हणते, अगं थंडीत काळं ऊब देतं. म्हणजे दोन्हीकडे तिचा नियम एकच, काळं तापतं. मी मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात काम करते, सोळा वर्षं झाली, आणि मार्च ते जून दिवसातून चार वेळा तरी कुणीतरी विचारतंच की ताई हा काळा पीस छान आहे पण उन्हाळ्यात गरम होईल का हो. इतकी वर्षं मी पण सरळ सांगायचे, हो होईल, पांढरा घ्या. मग हळूहळू वाचत गेले, थोडं घरी करून बघितलं, आणि आता मी तसं सरळ सांगत नाही, आधी विचारते की कुठे घालणार, उन्हात की सावलीत, मुंबईत की नागपूरला, आणि शिवणार कसं, अंगाला घट्ट की सैल. गिऱ्हाईक थोडं वैतागतं पण खरं उत्तर त्यातच आहे.

आधी ऊन म्हणजे किती उष्णता ते बघू. भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना, एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा येऊन पडते. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. म्हणजे एका लहान सतरंजीएवढ्या जागेवर एक इस्त्री सारखी चालू आहे असं समजा. आणि आपलं शरीर नुसतं बसलेलं असताना आतून जी उष्णता तयार करतं ती साधारण १०० वॅटची. त्यामुळे उन्हात उभं राहिलं की बाहेरून येणारी उष्णता आतल्या उष्णतेपेक्षा सहज जास्त होऊ शकते, आणि म्हणूनच उन्हातून चार पावलं सावलीत आलं की लगेच जीवात जीव येतो, हवा तीच असली तरी.

आता रंग. कापड काळं दिसतं कारण त्याच्यावर पडलेला दिसणारा उजेड ते जवळपास सगळा गिळून टाकतं, आपल्या डोळ्यांकडे काही परत येत नाही. पांढरं कापड बराचसा उजेड परत फेकतं. गिळलेला उजेड कुठे जाणार, त्याची उष्णता होते. एवढं आईचं शंभर टक्के बरोबर.

हे फार जुनं आहे. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन, त्याने शिंप्याकडच्या नमुन्याच्या कार्डावरचे वेगवेगळ्या रंगांचे लोकरी कापडाचे तुकडे घेतले आणि ऊन पडलेल्या सकाळी बर्फावर ठेवून दिले. काही तासांनी काळा तुकडा सगळ्यात खोल रुतला होता, गडद निळा जवळपास तेवढाच, फिकट निळा थोडा कमी, आणि पांढरा होता तिथेच वर. १७६०-६१ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे लिहिलंय आणि त्याच पत्रात पुढे म्हटलंय की उष्ण, ऊन असलेल्या हवेत काळे कपडे पांढऱ्यांइतके बरे नाहीत. मी हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण शिंप्याचं नमुना कार्ड म्हणजे आमच्या काउंटरवरची रोजची वस्तू, आणि त्यातून इतकी मोठी गोष्ट कळते.

मग आम्ही पण केलं. मुंबईत बर्फ कुठून आणायचा, तर मच्छी मार्केटमधून लादीचा तुकडा आणला, भाच्याने त्याचे दोन सारखे खडे फोडले, दोन स्टीलच्या ताटल्या, आणि मी दुकानातून एकाच क्वालिटीच्या पॉपलिनचे दोन तुकडे आणले होते, एक काळा एक पांढरा. गच्चीवर, मे महिना, दुपारी बारा. दोन्ही खड्यांवर कापड टाकलं आणि बसलो टाकीच्या सावलीत. काळ्या कापडाखालचा खडा डोळ्यादेखत बसायला लागला, कापडाच्या कडेने पाण्याची धार ताटलीत, आणि पांढऱ्याखाली अजून मुठीएवढा गोळा शिल्लक होता तेव्हा काळ्याखाली नुसतं पाणी. भाचा म्हणाला मावशी आजीचं बरोबर आहे. मी म्हटलं थांब, अजून दोनदा करायचंय.

दुसऱ्यांदा तेच सगळं जिन्यात केलं, जिथे ऊन अजिबात येत नाही. हवा तेवढीच गरम, पण दोन्ही खडे जवळपास एकदमच वितळले, कुठला काळ्याखालचा हे ताटली बघून सांगता आलं नसतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लोक लोकलमध्ये, ऑफिसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये गरम होतंय म्हणून काळ्या रंगाला दोष देतात आणि तिथे रंगाचा काही संबंधच नसतो. ऊन नाही तर रंगाला गिळायला फारसं काही मिळतच नाही. तुम्हाला गरम होतंय ते कापडाचा पोत, घट्ट शिवण, पॉलिस्टरचं अस्तर आणि बंद हवा यामुळे.

इथे एक उलटा गैरसमज पण आहे, की काळं लवकर तापतं तसं लवकर थंडही होतं, म्हणून रात्री काळं घालावं. शाळेत शिकवलेलं असतं ना की काळा पृष्ठभाग उष्णता चांगली बाहेर टाकतो, त्यातून आलेलं आहे हे. पण आपल्या अंगाच्या तापमानाची वस्तू जी उष्णता बाहेर सोडते तो डोळ्यांना न दिसणारा, खूप लांब लहरींचा प्रकाश असतो, आणि त्याच्या बाबतीत काळी सुती साडी, पांढरी सुती साडी, गुलाबी सुती साडी या सगळ्या जवळपास सारख्याच वागतात. डोळ्याला जो रंग दिसतो तो तिथे चालतच नाही. त्यामुळे रात्री झोपताना गाऊन कुठल्या रंगाचा याने काही फरक पडत नाही, कापड कुठलं याने पडतो.

आणि उन्हाच्या बाबतीत सुद्धा डोळ्याला दिसणारा रंग अर्धीच गोष्ट सांगतो बरं का. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतला साधारण अर्धा भाग हा न दिसणारा असतो, लाल रंगाच्या पलीकडचा, इन्फ्रारेड म्हणतात तो. तो कापड गिळतंय की परत फेकतंय हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही असेल तर रात्रीचं रेकॉर्डिंग कधीतरी बघा. आमच्या वॉचमनने एकदा दाखवलं, मी स्वतः काळा कुर्ता घालून आत येतेय आणि स्क्रीनवर तो कुर्ता चक्क पांढुरका दिसतोय, मला आधी वाटलं दुसराच दिवस लावलाय. रात्री ते कॅमेरे इन्फ्रारेडच्याच उजेडात बघतात, आणि सुती कापडाला लावलेले बरेचसे काळे रंग हा उजेड गिळतच नाहीत, तो परत तरी येतो नाहीतर आरपार तरी जातो. म्हणून दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन काळे तागे, दोन्ही सारखेच काळे, उन्हात नेले तर एक जास्त तापू शकतो आणि दुसरा कमी. काजळीच्या काळ्या रंगाने केलेली छपाई असेल तर ती दिसणारा आणि न दिसणारा दोन्ही उजेड गिळते, ती चांगलीच तापते, टी-शर्टवरचा मोठा काळा छापील चौकोन उन्हात छातीला चिकटतो आणि चटका देतो तो याच्यामुळे पण असू शकतो, शिवाय तिथून हवा जात नाही.

आता तिसरा प्रयोग, जो मला भाच्याला दाखवायचाच होता. पुन्हा गच्ची, पुन्हा ऊन, पण यावेळी कापड बर्फावर टाकलं नाही, चार विटा लावून वर ताणून बसवलं, बर्फापासून चार बोटं उंच, चारी बाजूंनी हवा खेळती. खाडीकडून वारा येत होता. काळं कापड हाताला कडक तापलेलं लागत होतं, पांढरं कोमट, आणि तरी खालच्या दोन खड्यांमध्ये फरक अगदी थोडा राहिला, पहिल्या वेळेसारखं डोळ्यादेखत काही झालंच नाही. कापड तापलं, पण तापलेल्या कापडाची उष्णता बर्फापर्यंत पोचायच्या आधी वाऱ्याने नेली.

याच गोष्टीवर १९८० साली नेचर या शास्त्रीय पत्रिकेत एक छोटा लेख छापून आला होता. प्रश्न असा की वाळवंटात राहणारे बेदुईन लोक, पिढ्यानपिढ्या उन्हातच जगणारे, ते काळे झगे का घालतात. त्यांना काळं तापतं हे कळत नसेल असं तर होणार नाही. मग एका माणसाला इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात भर दुपारी उन्हात उभं केलं, हवेचं तापमान ३५ ते ४६ अंश, आणि आळीपाळीने चार प्रकारचे कपडे घालायला दिले, काळा बेदुईन झगा, तसाच पांढरा झगा, खाकीसारखा लष्करी पोशाख, आणि नुसती अर्धी चड्डी. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, ते होणारच होतं. पण आतल्या माणसाला मिळालेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. काळ्याने जी जास्तीची उष्णता घेतली ती कातडीपर्यंत आलीच नाही. झगा ढगळ, खाली मोकळा, गळ्याशी मोकळा, त्यामुळे आतली तापलेली हवा वर चढून गळ्यातून बाहेर पडते आणि खालून नवीन हवा आत येते, चालताना झगा हलतो तेव्हा तर भात्यासारखं होतं. लक्षात घ्या, काळा झगा पांढऱ्यापेक्षा थंड होता असं कुणी म्हटलेलं नाही, मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तसं लिहितात ते चुकीचं आहे. सारखाच होता एवढंच.

आपल्याकडे याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे काळी छत्री. किती पिढ्या उन्हाळ्यात काळी छत्री घेऊन फिरल्या, कुणाला कधी प्रश्न पडला नाही की काळी कशाला, आणि ती उपयोगी पडते कारण काळं कापड डोक्यापासून हातभर लांब आहे, ते तापतं ते वर तापतं आणि वारा घेऊन जातो, आपल्याला फक्त सावली मिळते. तेच काळं कापड डोक्याला घट्ट बांधलं तर काय होईल ते करून बघायची गरज नाही. म्हणून माझ्या मते रंगाआधी विचारायचा प्रश्न हा की कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा किती आहे. काळी लेगिंग, काळा फिटिंगचा टी-शर्ट, काळी ब्रा-पट्टी वर नेटचा टॉप, हे उन्हात सरळ अंगावर तापतं, मधे काही नाहीच. आणि तोच काळा रंग सैल मलमलच्या कुर्त्यात बराच सुसह्य होतो.

पांढऱ्याची पण एक गोष्ट सांगायची राहिली. पातळ पांढरं कापड उजेड नुसता परत फेकत नाही, थोडा आत पण सोडतं. तागा उलगडून ट्यूबलाईटसमोर धरला की आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो ना, बघा आरपार दिसतंय, अस्तर लागेल. जो उजेड तुम्हाला दिसतोय तो उन्हात कातडीपर्यंत जातो आणि मग कातडी तापते. १९७८ साली कबुतरांच्या पिसांवर असाच अभ्यास झाला होता. वारा नसताना काळी पिसं जास्त तापली, पण वारा चांगला असेल आणि पिसं फुलवलेली असतील तर काळ्या पिसांतून आत पोचणारी उष्णता पांढऱ्यापेक्षा कमी भरली, कारण काळ्यात सगळं ऊन वरच्या वरच अडतं आणि वारा ते घेऊन जातो, पांढऱ्यात ते आत खोलवर शिरतं. खिडकीच्या ग्रिलवर बसलेली कबुतरं बघितली की मला हे हमखास आठवतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल मग मुंबईत पण काळा ढगळ झगा घालू. थांबा. बेदुईनच्या वाळवंटात हवा कोरडी आहे आणि आपली नाही, सगळा खेळ तिथे बदलतो. उन्हाळ्यात शरीर थंड राहतं ते घामाने, आणि घाम येऊन उपयोग नसतो, तो सुकायला लागतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण सुकला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे माणूस नुसता बसून साधारण साडेसहा तासांत जेवढी उष्णता तयार करतो तेवढी. आणि तोच लिटरभर घाम नाकावरून टपटप खाली पडला तर जवळपास काहीच नेत नाही. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घामाला सुकायला जागा मिळत नाही. सांताक्रूझला आजपर्यंतचं सगळ्यात जास्त तापमान ४२.२ अंश नोंदलं गेलं ते १४ एप्रिल १९५२ ला, नागपूर-चंद्रपूरवाले त्याला काय समजणार, त्यांचा मे महिना त्याच्या वरच जातो. पण तिकडची माणसं इकडे मे मध्ये आली की ३४ अंशात म्हणतात, बाई गं, तुमच्याकडे तर अंगाची नुसती चिकचिक होते. ती चिकचिक म्हणजेच न सुकलेला घाम.

म्हणून मुंबईत माझा क्रम असा, आधी कापड, मग शिवण, मग रंग. सुती मलमल, व्हॉइल, पातळ केंब्रिक, लिनन, ज्यातून फुंकर मारली तर पलीकडे हाताला लागते असं कापड. ही फुंकर मारायची पद्धत मला आमच्या दुकानातल्या जुन्या काकांनी शिकवली, ओठाला कापड लावून फुंकायचं, पलीकडे तळहात धरायचा. पॉलिस्टर जॉर्जेटचा तागा कितीही पांढरा शुभ्र असला तरी ओल शोषत नाही, घाम आतच चिकटून राहतो. आणि सगळ्यात वाईट काय असेल तर काळं पॉलिस्टर अस्तर लावलेला ब्लाउज, बाहेरून साडी कितीही फिकट असू दे. शिंप्याला आवर्जून सांगा की अस्तर सुतीच लाव.

कोकण, मुंबई आणि विदर्भ यात अजून एक फरक आहे जो मला फार उशिरा कळला. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. मुंबईत हवा ३३ ची असेल तर ती कातडीपेक्षा थोडी थंड, म्हणून वारा अंगाला लागला की बरं वाटतं, बाह्या आखूड चालतात. नागपुरात हवा ४५ ची असते, तिथे वारा अंगाला लागला की उष्णता आत येते, लू म्हणतात ती हीच. म्हणून तिकडे बाईमाणूस, गडी, सगळे डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पूर्ण बाह्यांचं घालून बाहेर पडतात आणि मुंबईचा माणूस त्यांना बघून म्हणतो यांना गरम होत नाही का. अहो ते गरम आत येऊ नये म्हणूनच गुंडाळलंय. कोरड्या उन्हात झाकणं आणि दमट उन्हात मोकळं सोडणं, हे दोन्ही बरोबर आहे, आपापल्या जागी.

ऊन कुठून येतं हे पण बघावं. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते, जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा तसं होतं पण तेव्हा ढग असतात. सूर्य डोक्यावर म्हणजे ऊन डोक्यावर आणि खांद्यांवर पडतं, पायांवर फार थोडं. त्यामुळे दुपारी बारा-एकला तुमची जीन्स काळी की निळी याने फार बिघडत नाही, डोक्यावरची ओढणी आणि खांद्यावरचा कुर्ता फिकट असला की झालं. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी पाचला मात्र ऊन तिरकं, ते छाती-पाठीवर पडतं. डबेवाल्यांची पांढरी टोपी आणि पांढरा सदरा बघा, हातगाडी घेऊन भर दुपारी चर्चगेटच्या रस्त्यावर पळणाऱ्या माणसाला तेच योग्य आहे. ट्रॅफिक पोलिसांचा शर्ट पांढरा आणि पँट खाकी, तेही या हिशोबात चपखल बसतं.

आणि मग माझा मामेभाऊ, वकील. एप्रिलमध्ये फोर्टच्या फुटपाथवर काळा कोट हातावर टाकून चालताना दिसतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. पांढरा शर्ट, गळ्याला बँड, वर काळा कोट, म्हणजे घट्ट, जाड आणि काळा, तिन्ही एकदम. बार कौन्सिलच्या नियमात आहे की सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टात उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. खालच्या कोर्टात जाणाऱ्या नवीन मुलामुलींनी ही सवलत नक्की घ्यावी, मान कमी होत नाही त्याने. हायकोर्टात घालावाच लागतो, तर रस्त्यावर हातावर आणि आत गेल्यावर अंगावर, हे तो करतो ते शास्त्राला धरूनच आहे, कारण ऊन रस्त्यावर आहे, कोर्टरूममध्ये नाही.

गडद रंगाच्या बाजूने बोलायची पण एक जागा आहे, ती म्हणजे उन्हातले अतिनील किरण, ज्याने कातडी काळवंडते, भाजते, आणि वर्षानुवर्षं लागले तर कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. पातळ पांढरा सुती टी-शर्ट यातले किरण अडवायला फारच कमजोर असतो, भिजला की अजूनच. गडद आणि घट्ट विणीचं कापड, जसं जाड निळं डेनिम, जवळपास सगळं अडवतं. त्यामुळे दिवसभर उन्हात काम असेल, शेतात, मैदानावर, होडीवर, तर नुसतं पांढरं आणि झिरझिरीत घेऊ नका, फिकट रंग घ्या पण वीण दाट असलेला, सैल आणि पूर्ण बाह्यांचा. घाम आणि किरण या दोघांची मागणी उलटी आहे, मधलं काहीतरी निवडावं लागतं.

आता थंडी. मुंबईत थंडी म्हणजे काय, तरी २२ जानेवारी १९६२ ला इथे ७.४ अंश नोंद आहे. संक्रांतीचं काळं खरंच उपयोगी आहे का, तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, वारा नसताना, अंगणात बसून तिळगूळ वाटताना हो, नक्की आहे, तोच बर्फाचा पहिला प्रयोग उलटा. पण संध्याकाळी हळदीकुंकवाला ऊन नसतं, तिथे काळी चंद्रकळा आणि पांढरी साडी सारखीच ऊब देणार, तिथे उपयोगी पडते ती शाल. थंडीत ऊब ठेवते ती कापडात अडकलेली हवा, लोकर त्यासाठीच. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी, म्हणून धनगराचं घोंगडं काळं, आणि त्याच्या अंगावर बघा, पांढरं धोतर, पांढरी बंडी आणि खांद्यावर काळं घोंगडं. पहाटे गारठ्यात पांघरायला, पावसात डोक्यावर खोळ करायला, आणि दुपारी काढून खांद्यावर टाकायला. लडाखला माझी मैत्रीण जाऊन आली, ती म्हणाली उन्हात जाकीट नकोसं होतं आणि ढग आला की दात वाजतात. तिथे हवा विरळ, ऊन प्रखर, त्यामुळे तिथल्या लोकांचे गडद लोकरीचे गोंचा, म्हणजे लांब झगे, उन्हात बसल्यावर ऊन साठवतात. वारा सुटला की मात्र ती साठवण वारा घेऊन जातो, म्हणून थंडीत वरचा थर वारा अडवणारा हवा, रंग नंतर.

पावसाळ्यात रंगाचं काम अजून वेगळं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तापायची भीती कमी, दिसायची गरज जास्त. काळा रेनकोट, काळी छत्री, रात्रीचे आठ, पाऊस आणि काचेवर वायपर, ड्रायव्हरला माणूस दिसतच नाही. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्यांची भगवी जाकिटं आपण रोज बघतो. तो चमकणारा रंग अतिनील प्रकाश घेऊन त्याचा दिसणारा उजेड करतो, म्हणून ढगाळ दिवशी इतर रंग मळकट दिसतात तेव्हा तो उठून दिसतो. रात्री मात्र तो रंग काही करत नाही, रात्री काम करते ती रुपेरी पट्टी, जी हेडलाईटचा उजेड सरळ ड्रायव्हरकडे परत पाठवते. मुलांच्या दप्तरावर अशी पट्टी शिवून घ्या, फार स्वस्तात होतं.

आणि डास. २०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात डेंग्यूचे डास माणसाच्या श्वासातल्या वायूचा वास आल्यावर लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे जास्त गेले, हिरवा, निळा, जांभळा, पांढरा याकडे नाही. तेव्हा पावसाळ्यात संध्याकाळी मुलांना खेळायला पाठवताना फिकट पूर्ण बाह्यांचं घातलं तर बरं.

गेल्या महिन्यात आईला नागपूरला लग्नाला जायचं होतं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तिने स्वतःहून विचारलं, काय नेऊ. मी तिला लग्नासाठी तिची आवडती गडद जांभळी पैठणीच नेऊ दे म्हटलं, कारण हॉलमध्ये एसी आहे आणि ऊन नाही. प्रवासाला आणि बाजारात फिरायला फिकट मोतिया रंगाच्या दोन सुती साड्या, त्यांना पूर्ण बाह्यांचे सैल ब्लाउज, सुती अस्तराचे, आणि डोक्यावर घ्यायला पांढरा मोठा सुती दुपट्टा, तो निघताना ओला करून पिळून घ्यायचा, कारण तिकडच्या कोरड्या हवेत तो लगेच सुकतो आणि सुकताना गार करतो. बॅग भरून झाल्यावर ती दाराशी थांबली, खुंटीवरची बाबांची जुनी काळी छत्री काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही चालेल ना गं?" मी म्हटलं, ही तर पहिली घे.